मेंदूला मार लागल्यानंतर घरातली नाती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडवर दुचाकी घसरलेली असते, लोकलच्या दारातून तोल गेलेला असतो, एमआयडीसीतल्या शेडवरून पाय निसटलेला असतो, नाहीतर दहीहंडीच्या वरच्या थरावरून पोरगा खाली आलेला असतो. आयसीयूचे दिवस सरतात, जीव वाचतो, पेढे वाटले जातात. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करते, आणि ठाणे-नवी मुंबईत अशा पेशंटच्या घरी जाऊन काम करते. हात कधी वर होईल, जिना कधी चढता येईल, हे प्रश्न घरचे पहिल्या दिवसापासून मोकळेपणाने विचारतात. खाली दिलेले प्रश्न मात्र बरेच उशिरा येतात. मी चपला घालत असताना, पेशंटला ऐकू जाणार नाही अशा आवाजात येतात.

टाके निघाले, चालतात, बोलतात, सगळ्यांना ओळखतात. मग माणूस बदलल्यासारखा का वाटतो?

कारण तो खरंच काही बाबतींत बदललेला असतो, आणि बदल मेंदूत झालेला असतो. डोकं जोरात आपटलं की कवटीच्या आत मेंदू हिसके खातो. कवटीचा तळ पुढच्या बाजूला खडबडीत आहे. त्यावर मेंदूचा कपाळामागचा भाग आणि कानशिलामागचा भाग घासले जातात. डोक्याला पीळ बसला असेल, तर मेंदूचे निरनिराळे भाग एकमेकांना जोडणारे बारीक तंतूही ताणले जातात आणि काही तुटतात.

कपाळामागच्या भागाकडे काय काय कामं आहेत पाहा. ओठांवर आलेला शब्द गिळणं, रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबणं, कुणी न सांगता काम हातात घेणं, एक बेत फसला तर दुसरा करणं, समोरच्याचा चेहरा पाहून बोलणं आवरतं घेणं. संसार चालतो तो याच गोष्टींवर. त्यामुळे प्लास्टर निघालं, काठी सुटली तरी घर पहिल्यासारखं चालत नाही आणि का चालत नाही ते कुणालाच कळत नाही.

मग घरचे आपापला अर्थ लावतात. माजलाय, आळशी झालाय, बायकोवरून मन उडालंय. गेली अनेक वर्षं मी हे जवळून पाहते आहे. माराने जेवढी नाती दुखावतात, त्याहून जास्त या चुकीच्या अर्थाने दुखावतात असं माझं ठाम मत आहे. या पानावरची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

सीटी स्कॅन नॉर्मल होता. डॉक्टरांनी कागदावर ‘माइल्ड’ लिहिलंय. तरीही असं होऊ शकतं?

होऊ शकतं. पहिल्या दिवशीचा सीटी स्कॅन रक्तस्राव, सूज, फ्रॅक्चर पकडण्यासाठी असतो. ताणलेले तंतू त्यात बहुधा दिसत नाहीत. ‘माइल्ड’ हे ठरतं ग्लासगो कोमा स्केलवरून. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण असतात. १३ ते १५ म्हणजे माइल्ड, ९ ते १२ मॉडरेट, ८ किंवा त्याखाली सिव्हिअर. हे गुण अपघातानंतरच्या शुद्धीचे आहेत, सहा महिन्यांनी घरात काय होईल याचे नाहीत. माइल्ड मार लागलेले बहुतेक जण काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत सावरतात. काहींची डोकेदुखी, चिडचिड, विसरभोळेपणा मात्र रेंगाळतो, आणि रिपोर्ट नॉर्मल असल्यामुळे घरात ‘नाटक करतोय’ असा शिक्का बसतो. तीन महिन्यांनंतरही त्रास असेल, तर तोच रिपोर्ट घेऊन पुन्हा न्यूरोलॉजिस्टकडे जा.

बाहेरच्यांशी गोड बोलतात, माझ्याशीच तुसडेपणा. म्हणजे मुद्दामच ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. ऐरोलीच्या एका वहिनी सांगत होत्या, “सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. वीस मिनिटं हसतखेळत गप्पा. त्यांच्यामागे लिफ्टचं दार लागलं आणि हे माझ्यावर ओरडले, चहाचे कप अजून इथेच का म्हणून.”

त्या वीस मिनिटांसाठी त्या माणसाने डोक्यातली होती नव्हती ती ताकद लावली होती. मार लागलेल्या मेंदूला साध्या गप्पासुद्धा कष्टाच्या असतात. समोरचा काय म्हणतोय ते पकडायचं, शब्द शोधायचे, टीव्हीचा आवाज बाजूला सारायचा, आणि हे सगळं करताना चेहऱ्यावर हसू ठेवायचं. पाहुणा जातो तेव्हा ती ताकद संपलेली असते आणि समोर तुम्ही असता. परक्यासमोर तोल सांभाळायचाच असतो, घरच्या माणसासमोर तो सुटतो. हे अन्यायाचं आहे, तुमचं दुखावणंही खरं आहे. पण त्यात तुमच्याबद्दलचा राग शोधू नका.

करून बघण्यासारखं असं. पाहुणा, डॉक्टर, बँक यांपैकी काहीही झालं की त्यानंतर अर्धा तास त्यांना शांत खोलीत पडू द्या. प्रश्न विचारू नका, हिशेब काढू नका. आठवडाभर एका वहीत लिहा, किती वाजता चिडले आणि त्याआधी काय चाललं होतं. बऱ्याच घरांत वहीच सांगते की संध्याकाळची वेळ वाईट आहे, किंवा कुकरची शिट्टी, टीव्ही आणि मुलांचं भांडण एकदम सुरू झालं की भडका उडतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती लोकांना पटकन पटत नाही. या दुखापतीनंतर काहींना समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही. तुम्ही सिंकपाशी उभ्या राहून डोळे पुसताय हे त्यांना दिसतं, पण बायको रडते आहे आणि आपण काहीतरी करायला हवं, इथपर्यंत ते पोचत नाहीत. म्हणून शब्दांत सांगा. “मला वाईट वाटलंय. पाच मिनिटं माझ्याजवळ बसा.” असं मागून घ्यावं लागणं जिव्हारी लागतं, मला माहीत आहे. तरी सांगा. सांगितल्यावर ते येऊन बसतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

रोज जेवणाला नावं ठेवतात. आधी माझ्या हातच्या आमटीवर जीव होता.

वास येतो का ते तपासून घ्या. नाकातून मेंदूकडे जाणारे वासाचे धागे कवटीच्या एका चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि डोकं आपटल्यावर ते तुटू शकतात. वास गेला की चव जवळजवळ गेलीच. गोड, खारट, आंबट, कडू एवढं कळतं. फोडणीचा खमंगपणा, कोथिंबीर, तूप यांतलं काही पोचत नाही. डोळे मिटायला सांगून कॉफीची पूड, हिंग, साबण असं एकेक नाकाशी धरा. काहीच ओळखता आलं नाही तर डॉक्टरांना सांगा.

कोपरखैरण्याच्या एका घरात आमटीवरून तीन महिने अबोला होता. सासूबाई म्हणत सुनेचं लक्ष नाही, सून म्हणे मुद्दाम पाणउतारा करतात. कॉफीची डबी नाकाखाली धरली आणि त्या माणसाला काहीच कळलं नाही, तेव्हा दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. अशा माणसाला गॅस गळतीचा वास येणार नाही, नासलेलं दूध कळणार नाही, स्वतःच्या घामाचा वासही कळणार नाही. गॅसकडे लक्ष दुसऱ्या कुणीतरी ठेवायचं आणि आंघोळीची वेळ ठरवून टाकायची. ‘अंगाला वास येतोय’ असं चारचौघांत बोलायचं नाही.

नुसते बसून राहतात. सांगितल्याशिवाय उठत नाहीत. एवढा आळस?

काम सुरू करणारा भागच दुखावला असेल तर मनात इच्छा असूनही शरीर हलत नाही. ब्रशवर पेस्ट लावून बेसिनपाशी तसाच उभा राहिलेला माणूस मी पाहिला आहे. नळ चालू, ब्रश हातात, नजर आरशात. कुणीतरी “तोंडात घाला” म्हटल्यावर दात नीट घासले. म्हणजे घासता येत होतं, पहिली ढकल मिळत नव्हती.

अशा माणसाला ‘जरा घरात लक्ष घाला’ म्हणून उपयोग नाही, त्यात पहिलं पाऊल कुठलं ते त्याला सापडत नाही. एका वेळी एकच काम सांगा. मोबाइलवर अलार्म लावा आणि अलार्मच्या नावातच काम लिहा, ‘गोळी घे’, ‘कुंड्यांना पाणी’. फ्रिजवर रोजच्या कामांची यादी मोठ्या अक्षरांत लावा. सारखं टोकणं बायकोच्या तोंडून गेलं की ती मास्तरीण होते. अलार्मने टोकलं तर नातं थोडं मोकळं राहतं. हा निरुत्साह आणि नैराश्य वरून सारखेच दिसतात. उपचार वेगळे आहेत, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवाच.

त्यांना स्वतःला काही झालंय असं वाटतच नाही. “मी ठणठणीत आहे, तुम्हीच माझ्यामागे लागलाय,” म्हणतात.

आपल्यात काय बदललंय हे कळणं हेही मेंदूचंच काम आहे, आणि तेच दुखावलेलं असू शकतं. हा हट्ट नसतो. त्यामुळे पुरावे देऊन, परवाचे प्रसंग मोजून दाखवून काही साधत नाही, फक्त भांडण वाढतं. गाडी चालवायची की नाही, कामावर कधी जायचं, अशा वादाच्या गोष्टी डॉक्टरांच्या तोंडून येऊ द्या. डॉक्टरांना आधी वेगळं भेटून किंवा चिठ्ठी लिहून घरची परिस्थिती कळवा. दहा मिनिटांच्या तपासणीत पेशंट अगदी शहाण्यासारखा बोलतो आणि तुम्हीच खोट्या पडता, हे टळेल.

राग अनावर होतो. काही औषध आहे का?

आधी सध्या चालू असलेली औषधं बघा. फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम नावाची गोळी बऱ्याच जणांना दिली जाते. ती चांगली गोळी आहे, पण काहींना तिनेच चिडचिड होते. गोळी सुरू झाल्यावर राग वाढला असेल तर न्यूरोलॉजिस्टना नेमकं तेवढं सांगा. ते डोस बदलतील किंवा दुसरी गोळी देतील. आपल्या मनाने एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. झोप पुरी न होणं, डोकेदुखी, बद्धकोष्ठ, भूक, यांनीही पारा चढतो. आणि दारू पूर्ण बंद. मार लागलेल्या मेंदूला थोडीशी दारूही फार चढते, फिटची शक्यता वाढवते आणि उरलासुरला ताबा घालवते. “एका पेगने काय होतं” म्हणणाऱ्या मित्राला हे तुम्हीच स्पष्ट सांगा.

भडका उडालाच तर त्या क्षणी समजावू नका. आवाज खाली, वाक्य छोटं, आणि शक्य तर खोलीतून बाहेर. वीस मिनिटांनी त्यांना तो प्रसंग आठवतही नसेल. तुम्हाला रात्रभर झोप लागणार नाही, ही यातली खरी वेदना आहे.

सणाच्या दिवसांचा आधी विचार करा. विसर्जनाचे ढोल-ताशे, नवरात्रात टेंभी नाक्याची गर्दी, दिवाळीतले फटाके हे अशा डोक्याला सोसत नाहीत. त्या दिवसांत आतल्या खोलीची सोय, कानात बोळे, नाहीतर दोन दिवस गावी.

हात उगारतात. दुखापतीमुळे आहे म्हणून सहन करायचं का?

नाही. कारण समजलं म्हणजे मार खायचा, असं होत नाही. स्वतःला आणि मुलांना आधी सुरक्षित ठेवा. शेजारच्या एका घरी किल्ली आणि कागदपत्रांची पिशवी ठेवा, जिथे कधीही जाता येईल. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तुम्हालाही लागू आहे, नवरा आजारी असला तरी. सुरक्षित झाल्यावर मानसोपचारतज्ज्ञांना सांगा, कारण अशा आक्रमकतेवर उपचार आहेत. सांगितलंच नाही तर ते सुरू कसे होणार?

ठाणेकरांना एक वेगळी अडचण आहे. इथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, आणि ‘याला आता ठाण्याला न्या’ ही टिंगल आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या एका टिंगलीपायी कितीतरी कुटुंबं मानसोपचारतज्ज्ञाचं नावही काढत नाहीत आणि वर्ष वर्ष घरातल्या घरात मार खातात. मला याचा मनापासून राग येतो.

मी बायको राहिलेच नाही, आया झालेय. असं वाटणं चूक आहे का?

अजिबात नाही. आंघोळ घालायची, गोळ्या मोजायच्या, बँकेत जायचं, आणि रात्री त्याच माणसाशेजारी नवरा म्हणून झोपायचं. मन या दोन्हींत एकदम राहू शकत नाही. शक्य असेल तर अंगाची कामं दुसऱ्या कुणाकडे द्या. ब्युरोचा माणूस परवडत नसेल तर दिराकडे, भावाकडे, आठवड्यातून दोनदा का होईना. त्यामुळे तुमच्यासाठी त्यांच्याशेजारी नुसतं बसायला, जुनी गाणी लावायला थोडी जागा उरते.

यात एक दुःख आहे, ते बोलता येत नाही. माणूस समोर आहे, पण ज्याच्याशी लग्न केलं तो सापडत नाही. रडावं तर लोक म्हणतात, “जिवंत आहे ना, देवाचे आभार मान.” अमेरिकन अभ्यासक पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून अशा दुःखाचा अभ्यास केला आहे. बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांपासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे शरीराने जवळ पण मनाने दूर गेलेल्या माणसांच्या कुटुंबांकडे वळल्या. त्यांचं सांगणं असं की या दुःखाला तेराव्यासारखा शेवट नसतो, म्हणून ते अडकून राहतं. ज्या माणसाला तुम्ही मुकला आहात त्याच्यासाठी रडा. समोर बसला आहे त्याच्याशी ती बेइमानी होत नाही.

शरीरसंबंधांबद्दल कुणाला विचारायचं कळत नाही.

डॉक्टरांना विचारायचं, सरळ. इच्छा संपू शकते, तशी नको तितकी वाढूही शकते. इच्छा गेली असेल तर एक रक्ततपासणी राहून जाते, हार्मोन्सची. मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी दुखावली तर पुरुषांची इच्छा कमी होते, बायकांची पाळी थांबते, दोघांनाही भयंकर थकवा येतो. हे तपासता येतं आणि त्यावर औषध आहे. फिटच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही फरक पडतो. मूल हवं असेल तर बाईने फिटच्या गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावं; सोडियम व्हॅल्प्रोएटसारखी गोळी गर्भासाठी धोक्याची आहे.

उलट बाजूही सांगते. आवर घालणारा भाग दुखावल्यामुळे काही जण वेळ-काळ न पाहता अंगलट येतात, चारचौघांत अश्लील बोलतात. शांतपणे, त्याच क्षणी, थोडक्या शब्दांत थांबवा. “आत्ता नाही. इथे नाही.” हसून सोडून देऊ नका आणि दोन दिवसांनी ऐकवूही नका. तुमची इच्छा नसेल तर नाही म्हणायचा हक्क अपघाताने संपत नाही.

सासूबाई म्हणतात, “माझ्याशी तर शहाण्यासारखा वागतो, तुलाच सांभाळता येत नाही.”

आईचं आणि बायकोचं नुकसान सारखं नसतं, हे दोघींनी समजून घ्यायला हवं. आईने त्याला आधीही भरवलेलं असतं. भरवणं, झोपवणं, हट्ट पुरवणं तिच्या ओळखीचं आहे, मुलगा पुन्हा तिच्या पदराखाली आलेला असतो. बायकोचा मात्र जोडीदार गेलेला असतो. हप्ते कसे फेडायचे, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, हे ज्याच्याशी बोलायचं तोच आता विचारतो, जेवायला काय आहे. आई त्याच्याकडून काहीच मागत नाही म्हणून तो तिच्यापाशी शांत असतो. बायकोला मागावंच लागतं.

आयांनो, तुमची माया खरी आहे. पण थेरपीत आम्ही त्याला शर्टाची बटणं स्वतः लावायला शिकवतो आणि तुम्ही धावत जाऊन लावून देता, तेव्हा त्याचं एक पाऊल मागे पडतं आणि सुनेचं एक काम वाढतं. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून डॉक्टरांकडून एकदा समजावून घ्या, म्हणजे एकाच घरात दोन नियम राहणार नाहीत. आणि ‘अपघात झाला कारण तू त्या दिवशी भांडलीस’ हे वाक्य कायमचं बंद.

मुलांना काय सांगू?

खरं, त्यांच्या वयाच्या भाषेत. “बाबांच्या मेंदूला लागलंय, म्हणून त्यांना आवाज सहन होत नाही. ते ओरडले तर ती तुझी चूक नाही.” हे शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगा. लहान मुलं मनातल्या मनात दोष स्वतःकडे घेतात आणि बोलत नाहीत. मोठा मुलगा किंवा मुलगी घरातला दुसरा पालक होऊन बसली असेल, तर तिला क्लासला, मैत्रिणींकडे जाऊ द्या. शाळेत वर्गशिक्षकांना कल्पना द्या. बाबांबरोबर करायला एक ठरलेली छोटी गोष्ट ठेवा, पत्त्यांचा एक डाव, भाजी निवडणं. दोघांनाही जमेल अशी.

मित्र यायचे बंद झाले.

बहुतेक वेळा काय बोलावं कळत नाही म्हणून. तुम्हीच एकाला फोन करा आणि नेमकं सांगा. एकट्याने ये, सकाळी ये, अर्धा तास बस, एकच गोष्ट दोनदा सांगितली तर दुसऱ्यांदाही ऐक. संध्याकाळी राम मारुती रोडवर भेटण्यात अर्थ नाही. सकाळचं उपवन किंवा नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई बरं. सात-आठ जणांच्या घोळक्यात त्याला बोलण्याचा धागा पकडता येत नाही, एकाशी येतो.

लग्न लावून दिलं तर सुधारेल असं नातेवाईक म्हणतात. अपघाताचं सांगायलाच हवं का?

सुधारत नाही, आणि सांगायलाच हवं. लग्न हा उपचार नाही. दुसऱ्याच्या मुलीला न सांगता शुश्रूषेला आणणं हा तिच्यावर अन्याय आहे, मुलाच्या आईने कितीही हात जोडले तरी. महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेल्या संमतीचं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली कोर्ट रद्द करू शकतं. उलट, सगळं सांगून, दोघांना भरपूर वेळ भेटू देऊन, तिला डॉक्टरांशी बोलू देऊन जमलेली लग्नं टिकलेली मी पाहिली आहेत. मुलीला मार लागला असेल तेव्हा तर ‘आता हिचं कोण करणार’ म्हणून कुणाच्याही गळ्यात बांधायची घाई होते. ती करू नका.

अशी लग्नं मोडतातच का?

नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मार लागल्याला काही वर्षं झालेल्या १२० जणांची चौकशी केली होती. साधारण ७५ टक्के लग्नं टिकली होती, १७ टक्क्यांचा घटस्फोट झाला होता आणि ८ टक्के वेगळे राहत होते. आपल्याकडे मोडत नाहीत म्हणून ती सगळी सुखात आहेत असंही नाही. आणि एखादी बाई सगळे प्रयत्न करून वेगळी झाली, तर तिला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

पैसे उडवतात. मोबाइलवर काहीबाही मागवतात.

आवर कमी झालेला असतो आणि फसवणाऱ्यांना ते लगेच कळतं. खर्चाच्या खात्यात मोजकेच पैसे ठेवा, यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा, ओटीपी कुणाला न सांगण्याचा नियम लिहून फोनच्या कव्हरवर चिकटवा. सगळंच काढून घेऊ नका. खिशात शंभर-दोनशे रुपये असणं ही माणसाच्या मानाची गोष्ट आहे.

किती दिवसांत पहिल्यासारखे होतील?

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, दोन वर्षांपर्यंत ठळकपणे दिसत राहते आणि त्यानंतरही हळूहळू चालू राहू शकते. पण ‘पहिल्यासारखे’ ही मोजपट्टी घेऊन बसू नका. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेचं काम करताना फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी सळई आरपार गेली. तो वाचला, पण मित्रांना ओळखू येणार नाही इतका स्वभाव बदलला. पाठ्यपुस्तकं बरेचदा तिथेच थांबतात. पुढे हाच माणूस चिलीत काही वर्षं घोडागाडी हाकत होता, म्हणजे वेळापत्रक, घोडे, प्रवासी सगळं सांभाळत होता. रोज ठरलेलं, तेच ते काम मिळालं की मेंदू सावरतो, हे मला माझ्या पेशंटमध्येही दिसतं.

ठाणे-नवी मुंबईत मदत कुठे मिळेल?

न्यूरोसर्जनकडचा फॉलोअप चालू ठेवाच. महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचं रुग्णालय जवळ आहेत. पुनर्वसनासाठी हाजी अलीची केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-उपचार, मानसशास्त्र सगळं एका छताखाली. कुटुंबाच्या समुपदेशनासाठी ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था आहे. रात्री-बेरात्री बोलायला टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत आणि मराठीतही. जाल तिथे ‘न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी करता का’ एवढं विचारा, म्हणजे स्मरण, लक्ष, विचार यांची तपासणी.

रस्त्यावरचा अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आली आहे. उलटून गेली असेल तरी हार न मानता वकिलाला भेटा. तुमची ती चिडचिडीची वही आणि मानसशास्त्रज्ञांचा रिपोर्ट जोडा, नाहीतर हाडं जुळलेला माणूस कागदावर बरा दिसतो.

मार मलाच लागलाय. हे सगळं वाचून मी घरच्यांवर ओझं आहे असं वाटायला लागलं.

तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे अशा मेंदूसाठी बराच दमवणारा मजकूर पार केलात. विश्रांती घ्या, मग पुढचं वाचा. जगणं नको असे विचार येत असतील तर आत्ताच घरातल्या कुणाला तरी सांगा किंवा १४४१६ ला फोन करा.

घरच्यांना तुमच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही, तुम्हीच सांगू शकता. दमायला लागलात की शब्दांत सांगणं जड जातं, म्हणून आधीच एक खूण ठरवा. ठाण्यात माझे एक पेशंट हात कपाळाला लावतात. त्यांची बायको लगेच टीव्ही बंद करते आणि मुलगी दार ओढून घेते. नंतर “मघाशी ओरडलो का?” असं ते विचारतात, आणि ती खरं उत्तर देते. तुम्हाला आठवत नसेल तर तुम्हीही विचारा. उत्तर वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी थेरपीला बसताना ती वही जवळ ठेवा.